कंपनी फिटिंग : १९४९ च्या आठ शर्यती

आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये जुनी बाईक विकायला आलेला प्रत्येक माणूस एक वाक्य हमखास बोलतो, "सगळं कंपनी फिटिंग आहे, कशालाही हात लावलेला नाही." गॅरेजवाले काका मान डोलावतात आणि लगेच सीट काढून वायरिंग बघायला लागतात. या वाक्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे दोघांनाही माहीत असतं.

१९ जून १९४९ ला अमेरिकेत शार्लट गावाबाहेरच्या एका मातीच्या ट्रॅकवर जे घडलं ते याच जातीचं होतं. फरक इतकाच की बघायला सुमारे १३ हजार माणसं होती, आणि सीट काढून बघणारा माणूस जिंकलेल्या गाडीखाली शिरला होता.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मी शार्लटला सहा महिने होतो. काम बँकेचं, राहायला एअरपोर्टजवळचं हॉटेल, आणि शनिवार-रविवारी करायला काही नाही. गावात नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे. नॅसकार म्हणजे गोल गोल फिरणाऱ्या, स्टिकर लावलेल्या गाड्या, एवढंच मला ठाऊक होतं. फार तर 'कार्स' सिनेमातला लाल मॅक्वीन. तिकीट काढून आत गेलो तो एसीसाठी. बाहेर आलो तेव्हा डोक्यात १९४९ हे एकच साल अडकलं होतं. पुढचे सगळे शनिवार त्यातच गेले.

आधी 'स्टॉक कार' म्हणजे काय ते सांगतो. शेअर बाजाराशी संबंध नाही. दुकानाच्या स्टॉकमध्ये जशी येते तशी गाडी, म्हणजे आपल्या भाषेत कंपनी फिटिंग. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते. स्टॉक कारची मूळ कल्पना अशी की तुम्ही ज्या गाडीतून रविवारी चर्चला जाता, तीच दुपारी ट्रॅकवर उतरवा.

आता, अमेरिकेच्या दक्षिणेत अशा गाड्या भन्नाट पळवणारी माणसं आली कुठून? उत्तर सरळ आहे, हातभट्टीवरून. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण दारूवरचा कर उठला नाही आणि दक्षिणेतले कित्येक जिल्हे कोरडेच राहिले. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात मका पिकायचा, पण तो विकून पोट भरत नव्हतं. त्याच मक्याची दारू गाळली की भरायचं. माल रात्री शहरात पोचवायचा. मागे कर खात्याचे लोक. गाडी बाहेरून साधी फोर्ड दिसली पाहिजे आणि आतून विमान असली पाहिजे. फोर्डचं व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आलं आणि या धंद्याला पंख फुटले. (योगायोग बघा, मुंबई प्रांतातला दारूबंदीचा कायदा १९४९ चाच. आपल्याकडेही त्यानंतर हातभट्टीने काय काय करून दाखवलं ते वेगळं सांगायला नको. फक्त आपल्याकडे त्यातून मोटार शर्यत निघाली नाही.)

या गाड्यांमधली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डिकीत शंभर गॅलन दारू भरली की कुठलीही गाडी मागून बसते. मागून बसलेली गाडी दिसली की पोलिसाला काय ते कळतं. म्हणून भट्टीवाले मागचे पाटे कडक करून घ्यायचे, म्हणजे माल भरल्यावर गाडी सरळ दिसायची. आणि माल नसताना अशी गाडी वळणावर जास्त घट्ट बसायची, डोलायची नाही.

रेमंड पार्क्स हा या धंद्यातला माणूस. डॉसनव्हिल, जॉर्जियाचा. १४ व्या वर्षी घरातून पळाला, दारूत पैसे केले, नऊ महिने तुरुंगात राहिला, सुटून आल्यावर अटलांटात कायदेशीर धंदेही वाढवले. त्याचे दोन नातलग, लॉइड सी आणि रॉय हॉल, रात्री माल पोचवायचे आणि रविवारी शर्यत जिंकायचे. गाड्या तयार करायचा रेड व्होट नावाचा मेकॅनिक. १ सप्टेंबर १९४१ ला लॉइड सीने अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर मोठी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी साखरेच्या हिशेबावरून भांडण झालं आणि चुलतभावाने त्याला गोळी घातली. साखर अर्थातच भट्टीसाठीची. वय २१. पार्क्सने त्याच्या थडग्याच्या दगडावर फोर्ड गाडी कोरून घेतली, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत लॉइडचा फोटो बसवला.

मग युद्ध आलं. पार्क्स युरोपात लढून परत आला. आणि त्याला नवा ड्रायव्हर मिळाला तो रेड बायरन.

बायरन बी-२४ बॉम्बर विमानावर होता. अलास्काच्या टोकाला अल्यूशियन बेटांवर जपान्यांशी लढताना त्याच्या डाव्या पायाच्या चिंधड्या झाल्या. दोन वर्षांहून जास्त काळ दवाखान्यात काढला. पाय राहिला, पण वाकेना. आता क्लच कोण दाबणार? तर पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार आणि तो थेट क्लचच्या पेडलला बोल्टने जोडलेला. गाडीला आग लागली तर आधी बोल्ट सोडवायचा, मग उतरायचं. माझ्या कामात ज्याला 'जुगाड' म्हणून नाक मुरडतात, त्यातला हा मला माहीत असलेला सगळ्यात धाडसी. फेब्रुवारी १९४८ मध्ये डेटोनाच्या वाळूवर झालेली नॅसकारची पहिली शर्यत बायरननेच जिंकली. पण ती 'मॉडिफाइड' गाड्यांची होती, म्हणजे युद्धाआधीच्या जुन्या फोर्ड आणि वाटेल ते केलेली इंजिनं.

नॅसकार ही संस्था उभी केली बिल फ्रान्सने. सहा फूट पाच इंच उंचीचा, डेटोना बीचवरचा पेट्रोल पंपवाला. डिसेंबर १९४७ मध्ये त्याने स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये आयोजक, ड्रायव्हर, मेकॅनिक यांची बैठक भरवली. संस्थेचं नाव रेड व्होटने सुचवलं. 'नॅशनल' हा शब्द त्यात आहे खरा, पण प्रकरण सगळं दक्षिणेतल्या चार-पाच राज्यांचं. तेव्हा अशा संस्था पैशाला पासरी होत्या. प्रत्येकाचे नियम वेगळे, प्रत्येकाचा 'राष्ट्रीय विजेता' वेगळा, आणि काही आयोजक तर शर्यत संपायच्या आत तिकिटाचे पैसे घेऊन पसार व्हायचे. ड्रायव्हर हात हलवत घरी.

फ्रान्सच्या डोक्यात वेगळी शर्यत होती. लोकांना आपली स्वतःची गाडी ट्रॅकवर बघायला आवडेल, जुनी मोडकी फोर्ड नव्हे, तर शोरूममधली नवीकोरी. पण युद्धात कारखान्यांनी साध्या गाड्या बनवणं बंद केलं होतं, आणि युद्धानंतर नव्या गाडीसाठी नंबर लावावा लागे. ज्या गाडीसाठी लोक महिनोन्महिने थांबलेत ती ट्रॅकवर आपटताना दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून १९४८ साल गेलं. १९४९ मध्ये ब्रूटन स्मिथ नावाचा शार्लटकडचा तरुण आयोजक, प्रतिस्पर्धी संस्थेचा, हीच कल्पना घेऊन पुढे येतोय म्हटल्यावर फ्रान्सने घाई केली. शर्यतीच्या प्रकाराचं नाव ठेवलं 'स्ट्रिक्टली स्टॉक'. काटेकोरपणे कंपनी फिटिंग.

तर १९ जून. शार्लट स्पीडवे, पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. एकूण बक्षीस पाच हजार डॉलर, पहिल्याला दोन हजार. ३३ गाड्या. ब्यूक, हडसन, लिंकन, कॅडिलॅक, फोर्ड. पात्रता फेरीत बॉब फ्लॉकची हडसन सगळ्यात पुढे, ताशी जेमतेम ६८ मैल. आज पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर याहून जास्त वेगाने लोक मोबाईल बघत चालवतात. पण रबरी चाकं तेव्हाची, माती उखडलेली, धूळ अशी की पुढची गाडी दिसत नाही, आणि रेडिएटर एकामागून एक उकळायला लागलेले.

त्यात एक होता ली पेटी. वय ३५, दोन पोरांचा बाप, गाव लेव्हल क्रॉस. त्याने मित्राची ब्यूक रोडमास्टर उसनी आणली होती. मित्राला काय सांगून आणली ते तोच जाणे. १०० फेऱ्या झाल्यावर ती भलीमोठी ब्यूक उलटीपालटी झाली. पेटी ठीक होता, ब्यूक नव्हती. स्टँडमध्ये त्याचा ११ वर्षांचा मुलगा बसला होता, रिचर्ड. घरी जायला गाडी उरली नव्हती, म्हणून कुटुंबाला दुसऱ्याच्या गाडीतून जावं लागलं. हा रिचर्ड पुढे २०० शर्यती जिंकून नॅसकारचा 'राजा' झाला, पण मला त्या दिवशीचा तो परतीचा प्रवास जास्त दिसतो. बाप गप्प, आई गप्प, आणि मागे कुणाची तरी ब्यूक.

ली पेटी त्यातून एक गोष्ट शिकला. जड, ताकदवान गाडी टायर खाते आणि वळणावर मारते. त्याने नंतर हलकीफुलकी प्लिमथ घेतली. जोर कमी, पण शेवटपर्यंत पळायची. आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी हे एका फेरीत शिकायला हवं.

शर्यत जिंकली ग्लेन डनवेने. हा माणूस गाडीशिवायच आला होता, कुणी चालवायला देतं का ते बघायला. ह्यूबर्ट वेस्टमोरलंडने त्याला आपली फोर्ड दिली. डनवे तीन फेऱ्यांच्या फरकाने जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले.

मग तपासनीस गाडीखाली शिरला. मागचे पाटे बघितले. ते कंपनीचे नव्हते, कडक केलेले होते. वर सांगितलं होतं ना लक्षात ठेवा, तेच. काही तासांनी निकाल बदलला आणि डनवे बाद झाला. पहिला नंबर गेला जिम रोपरला.

रोपर कॅन्ससचा. त्याला या शर्यतीची बातमी कुठे मिळाली असेल? वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत. 'स्मायलिन जॅक' नावाची वैमानिकाची कॉमिक स्ट्रिप तेव्हा लोकप्रिय होती, तिच्या चित्रकाराने एका पट्टीत शार्लटच्या शर्यतीचा उल्लेख घातला होता. ते वाचून रोपर लिंकन गाडी घेऊन हजारभर मैल आला, त्याच गाडीने शर्यत पळाला आणि पहिला ठरला. त्यानंतर नॅसकारच्या या वर्गात तो अजून एकच शर्यत पळाला. इतिहासात पहिला विजेता म्हणून ज्याचं नाव आहे त्याची एकूण कारकीर्द दोन शर्यतींची, आणि निशाण पडलं तेव्हा तोही जिंकलेला नव्हता.

आता इथे मी थोडा अडकतो. निर्णय बरोबर की चूक? नियम स्पष्ट होता. पाटे बदललेले होते. मी स्वतः दुसऱ्याचा कोड तपासतो तेव्हा एवढा पुरावा पुरतो. पण त्या मैदानावर निम्म्याहून अधिक लोक त्या पाट्यांबद्दल जाणून होते. ज्या धंद्याने हे ड्रायव्हर आणि मेकॅनिक घडवले, या संस्थेच्या जन्माला पैसा पुरवला, त्याच धंद्याची खूण सापडली म्हणून एकाला बाहेर काढलं. वेस्टमोरलंडने १० हजार डॉलरचा दावा लावला. ग्रीन्सबरोच्या न्यायाधीशाने तो फेटाळला. संस्थेचा खेळ, संस्थेचे नियम. आणि सहकारी ड्रायव्हरांनी, असं सांगतात, आपल्या बक्षिसातून वर्गणी काढून डनवेला पैसे दिले. मला वाटतं, बाकीच्यांना तो काय वाटत होता याचा निकाल त्या वर्गणीत लागला.

फ्रान्सला हवं होतं ते मात्र मिळालं. निकाल कोण लावणार हा प्रश्न पहिल्याच शर्यतीत मिटला, तोही कोर्टाच्या शिक्क्यासह. पुढच्याच वर्षी त्याने ही ताकद वापरून दाखवली. १९५० मध्ये बायरन आणि ली पेटी या दोघांनी दुसऱ्या संस्थेच्या शर्यतीत भाग घेतला म्हणून त्यांचे गुण कापले. पेटीचे ८०९ गेले. ते नसते गेले तर त्या वर्षीचा विजेता तो ठरला असता. आमच्या भाषेत याला 'मूनलायटिंग'बद्दल कारवाई म्हणतात. शब्दातलं 'मून' दोन्हीकडे आहे, हा विनोद मला सहा महिने पुरला.

दुसरी शर्यत १० जुलैला डेटोनाला, अर्धी समुद्राच्या वाळूवर आणि अर्धी डांबरी रस्त्यावर. वेळ भरती-ओहोटी बघून ठरवायची, नाहीतर अर्धा ट्रॅक पाण्यात. बायरनने पार्क्सच्या ओल्ड्समोबिलमध्ये ती जिंकली. 'रॉकेट ८८' हे त्या वर्षीचं नवं मॉडेल, मोठं व्ही-८ इंजिन हलक्या अंगात बसवलेलं. त्या मोसमातल्या आठपैकी पाच शर्यती ओल्ड्समोबिलने जिंकल्या, दोन लिंकनने, एक प्लिमथने. म्हणजे कंपनी फिटिंगच म्हणायचं तर शोरूममधूनच जी गाडी शर्यतीसाठी केल्यासारखी निघते ती घ्या, एवढाच धडा.

पण डेटोनाची गोष्ट बायरनची नाही. त्या दिवशी तीन बायका शर्यतीत होत्या. सारा ख्रिश्चन, लुईझ स्मिथ आणि एथेल मोबली. एथेल ही फ्लॉक भावंडांतली. बॉब, फाँटी आणि टिम हे तिचे भाऊ, तिघेही त्याच शर्यतीत. पेट्रोलच्या 'इथाइल' ब्रँडवरून बापाने तिचं नाव ठेवलं असं घरचे सांगत. टिम दुसरा आला. एथेल ११ वी आली, बॉब आणि फाँटी तिच्या मागे. हे बॉब म्हणजे साधं प्रकरण नव्हे. दारूच्या केसमुळे लेकवुडवर बंदी असताना तो लपून शर्यतीत उतरला, पोलिसांनी ओळखलं, त्यांची गाडी ट्रॅकवर आली, आणि बॉब कुंपण तोडून बाहेर पसार झाला, अशी कथा आहे. अशा माणसाला बहिणीने मागे टाकलं. (धाकट्या टिमने पुढे एक माकड शेजारी बसवून शर्यती पळवल्या. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

लुईझ स्मिथची वेगळीच तऱ्हा. १९४७ मध्ये ती नवऱ्याची नवी फोर्ड घेऊन डेटोनाला 'फिरायला' गेली आणि शर्यतीत आपटून आली. घरी सांगितलं, गाडी वाटेत बिघडली, तिकडेच ठेवलीय. नवऱ्याने वर्तमानपत्र पुढे केलं. त्यात आपटलेल्या गाडीचा फोटो. १९४९ च्या डेटोनात तिची गाडी पुन्हा उलटली, प्रेक्षकांनी सरळ करून दिली आणि तिने शर्यत पूर्ण केली. 'कार्स ३' मधली लुईझ नॅश आठवते? ती हीच.

आणि सारा ख्रिश्चन. जॉर्जियाची, नवरा फ्रँकही डेटोनाला त्याच शर्यतीत, तो तिच्या पुढे आला. साराबद्दल किस्से फारसे नाहीत. निकाल आहेत. शार्लटच्या पहिल्याच शर्यतीत ती १४ वी होती, काही फेऱ्या बॉब फ्लॉकने तिच्या गाडीत चालवल्या. ११ सप्टेंबरला पेनसिल्व्हेनियातल्या लँगहॉर्नला, एक मैलाच्या पूर्ण गोल ट्रॅकवर, ज्यात सरळ रस्ताच नाही, ती सहावी आली. कर्टिस टर्नर जिंकला, आणि त्याने तिला विजेत्याच्या जागेवर स्वतःशेजारी बोलावलं. २ ऑक्टोबरला पिट्सबर्गजवळच्या हायडेलबर्गला ती पाचवी आली. नॅसकारच्या सर्वोच्च वर्गात बाईने मिळवलेला हा सगळ्यात वरचा क्रमांक. १९७७ मध्ये जॅनेट गथ्री सहाव्या क्रमांकापर्यंत पोचली, २०१४ मध्ये डॅनिका पॅट्रिक सहावी. मोठ्या कंपन्या, जाहिराती, कोट्यवधी डॉलर, आणि तरी साराचा पाचवा नंबर तसाच. त्याच हायडेलबर्गला ली पेटीने त्याच्या हलक्या प्लिमथमध्ये पहिली शर्यत जिंकली, म्हणून इतिहासात त्या दिवसाचं नाव पेटींच्या खात्यावर आहे.

सारा १९५० मध्ये अजून एकदा पळाली आणि थांबली. एकूण सात शर्यती. मी हॉल ऑफ फेममध्ये पेटींच्या चार पिढ्यांसमोर बराच वेळ उभा होतो, सारापुढे जेमतेम दोन मिनिटं. मजकूरच तेवढा होता.

बाकीच्या शर्यती भराभर सांगतो. ऑगस्टमध्ये ऑकोनीची, हिल्सबरो गावात, बॉब फ्लॉक. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात हॅम्बर्गला जॅक व्हाइट. २५ सप्टेंबरला व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला पुन्हा बायरन. १६ ऑक्टोबरला शेवटची नॉर्थ विल्क्सबरोला, पुन्हा बॉब फ्लॉक. विल्क्स हा जिल्हा म्हणजे भट्ट्यांची राजधानी. तिथला ट्रॅक बांधताना जमीन सपाट करण्याआधीच पैसे संपले, म्हणून एक बाजू चढाची आणि एक उताराची राहिली ती कायमची. बजेट संपल्यावर जे उरतं त्याला 'वैशिष्ट्य' म्हणायची रीत जुनी आहे तर.

गुण बक्षिसाच्या रकमेशी बांधलेले होते. बायरन आठपैकी सहाच शर्यती पळाला आणि ८४२.५ गुणांनी पहिला आला. ली पेटी दुसरा, बॉब फ्लॉक तिसरा. दक्षिणेतल्या मातीवर वाकत नसलेल्या पायाने क्लच दाबणारा माणूस, त्याचा मालक तुरुंग बघून आलेला, मेकॅनिक अटलांटाच्या गॅरेजमधला. ही पहिली विजेती टीम.

मोसम इथे संपतो. पण मार्टिन्सव्हिलपासून तीसेक मैलांवर डॅनव्हिल गाव आहे, आणि तिथे एक माणूस होता ज्याच्याशिवाय माझ्या डोक्यातली ही गोष्ट पुरी होत नाही. वेंडेल स्कॉट. टॅक्सी चालवली, युद्धात सैन्यात मेकॅनिक, परत आल्यावर गॅरेज आणि जोडीला रात्रीचा माल. म्हणजे बॉब फ्लॉक किंवा लॉइड सी यांच्यासारखाच. १९४९ मध्येच तो दारूसकट पकडला गेला. फरक एक, स्कॉट काळा होता. डॅनव्हिलच्या ट्रॅकवर तो काळ्यांसाठीच्या वेगळ्या बाकांवर बसून शर्यत बघायचा. १९५२ मध्ये गर्दी खेचण्यासाठी डॅनव्हिलच्या आयोजकांना एक काळा ड्रायव्हर हवा होता. त्यांनी पोलिसांना विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त कुणी पळवलंय? पोलिसांनी स्कॉटचं नाव दिलं. ती शर्यत दुसऱ्या संस्थेची होती. नॅसकारच्या दारातून त्याला सुरुवातीला परत पाठवलं गेलं.

तरी तो आत शिरला. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो दोन फेऱ्यांनी पुढे असताना निशाण पडलं ते बक बेकरसाठी. बेकरने ट्रॉफी घेतली, फोटो काढले. लोक घरी गेल्यावर, काही तासांनी, अधिकाऱ्यांनी मान्य केलं की मोजण्यात चूक झाली, जिंकला स्कॉट. पैसे मिळाले, ट्रॉफी नाही.

शार्लट आणि जॅक्सनव्हिल शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे गर्दी गेल्यावर निकाल बदलला. एकीकडे पाटे मोजायला माणूस गाडीखाली शिरला आणि त्याच दिवशी विजेता बदलून जाहीर झाला. दुसरीकडे फेऱ्या मोजणं, जे शर्यतीतलं सगळ्यात सोपं काम, तेच चुकलं. चूक खरंच चूक होती की ट्रॉफी देताना गोऱ्या मुलीच्या शेजारी काळा माणूस उभा राहू नये म्हणून केलेली सोय, याबद्दल स्कॉटच्या मनात आयुष्यभर शंका नव्हती. मलाही नाही. स्कॉट १९९० मध्ये गेला. नॅसकारने त्याच्या कुटुंबाला ट्रॉफी दिली ऑगस्ट २०२१ मध्ये.

आज शर्यतीत पळणाऱ्या गाडीत शोरूमचं काहीही नसतं. सगळ्यांचा सांगाडा एकाच पुरवठादाराकडून येतो आणि पुढचे दिवे म्हणजे नुसते स्टिकर. 'स्टॉक' हा शब्द मात्र नावात आहे.

परत यायच्या आधीच्या शनिवारी मी गाडी भाड्याने घेऊन हिल्सबरोला गेलो. ऑकोनीचीचा ट्रॅक १९६८ मध्ये बंद पडला. रविवारच्या शर्यतींना गावच्या पाद्र्यांचा विरोध होता. आता तिथे जंगल आहे आणि जुन्या ट्रॅकवरूनच पायवाट जाते. उंच पाइन झाडांमधून चालताना वळण आलं की जमीन अलगद एका बाजूला उचललेली जाणवते. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, प्रेक्षकांच्या, त्यांच्या फटींतून झाडं वर आलेली. एक आजी कुत्रा घेऊन फिरत होत्या. मी त्यांना विचारलं, इथे शर्यत बघितलीय का कधी? म्हणाल्या, नाही, पण लहानपणी रविवारी घरात बसून आवाज ऐकू यायचा, चर्चपेक्षा मोठा.

रेमंड पार्क्स २० जून २०१० ला गेला, वय ९६. शार्लटच्या त्या पहिल्या शर्यतीला ६१ वर्षं आणि एक दिवस झाला होता. हॉल ऑफ फेम त्याच्या महिनाभर आधी उघडलं होतं. पहिल्या पाच नावांत बिल फ्रान्स होता, त्याचा मुलगा होता, रिचर्ड पेटी होता. पार्क्सचं नाव लागलं २०१७ मध्ये, बायरनचं २०१८ मध्ये.